तिसरा ठिपका

ब्रिस्बेन, ९ जुलै

किआ ओराना दादा,

या वेळी पत्र खोक्यात बर्फाच्या वर ठेवलंय, म्हणजे तू आधी बर्फ शेजारपाजारी वाटून मग पत्र शोधत बसणार नाहीस. बाटल्या तळाशी आहेत. त्या लगेच फ्रिजमध्ये टाक, बिअरच्या कप्प्यात नको, ते दार तू सारखं उघडतोस.

आईला फोनवर बोलायला लावलं की ती आयतुताकी बेटाचं हवामान सांगते आणि ठेवून देते, म्हणून तिला वाचून दाखवता येईल असं लिहितेय. ती विचारत होती ना, अकाइती दिवसभर त्या गारठलेल्या खोलीत करते तरी काय? सांग तिला, तिच्यासारखी गोधडीच शिवते, फक्त तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत. एक प्रोटीन आहे, ते माशातलं विष बरोबर ओळखून धरून ठेवतं, पण धरलंय हे कुणाला सांगत नाही. दुसरं प्रोटीन काजव्यासारखं उजळतं, पण त्याला विषबिष काही कळत नाही. दोघं सुटी असली तर कुचकामी. टोकाला टोक जोडली की झाली तपासणी. ही जोड लावतं एक एन्झाइम. इथे कुंपणाकुंपणावर निळ्या गोकर्णीचे वेल माजलेत, त्यांच्या शेंगांत ते सापडतं. कात्री आणि सुई एकाच दांड्याला बसवलेली असावी तसं ते आहे. एका प्रोटीनची शेपटी कापतं आणि तिथेच दुसरं शिवून टाकतं.

शिवून झालं की एन्झाइम बाहेर काढावं लागतं, नाहीतर ते तिथेच घोटाळत राहतं. त्याला आम्ही आधीच एक आकडा लावून ठेवतो. काचेच्या नळीत मणी भरलेले असतात, त्यातून सगळं मिश्रण सोडलं की आकडा मण्यांत अडकतो आणि माल खाली उतरतो. असं दोनदा गाळायचं. दर वेळी थोडा माल मण्यांतच राहून जातो आणि ब्रॉनविन, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेची प्रमुख, हळहळते.

तुझं काम सोपं आहे. माशाचा अर्क पट्टीवर, त्यावर बाटलीतला थेंब, मग धुऊन अंधारात बघायचं. पहिला ठिपका उजळला तर मासा विषारी. दुसरा ठिपका कायम उजळलाच पाहिजे. तो उजळला म्हणजे बाटलीतला माल चांगला आहे.

मी थकलेय दादा. नोकरी दर वर्षी संपते आणि दर वर्षी पुन्हा अर्ज करायचा. पण बाबांनी थंड पाण्याचा पेला ‘भाजतंय, भाजतंय’ म्हणत भिंतीवर फेकला होता, ते मला अजून दिसतं. त्या विषाने गार ते गरम लागतं, हे मला आठव्या वर्षी कळलं. बाबा त्यातून उठले, पण पुन्हा होडीवर पाय ठेवला नाही. आणि त्या दिवसापासून मोठ्या माशाचा पहिला घास आईने घ्यायचा आणि आपण संध्याकाळपर्यंत थांबायचं. सगळं लहानपण आपण आईच्या तोंडाकडे बघत जेवलो. ते बंद व्हावं म्हणून मी हे धरून बसलेय.

तुझी,
अकाइती


आयतुताकी, ३ ऑगस्ट

अकाइती, किआ ओराना,

खोका मिळाला. बर्फ शेजाऱ्यांना वाटला, आपली रीत मी का मोडू?

तुझ्या पट्ट्या चालतात. पश्चिमेच्या खडकावरच्या दोन माशांवर पहिला ठिपका लख्ख उजळला, ते पुरून टाकले. मत्स्य खात्याचा माणूस म्हणून लोक मला रस्त्यात, दुकानात, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना सुद्धा विचारतात, मासा चालेल का? इतकी वर्षं मी खांदे उडवत होतो. आता पट्टी दाखवतो. तेवढंच बरं वाटतं, नाहीतर निवृत्तीला उरलेली वर्षं मोजण्यापलीकडे माझ्यात काही राहिलेलं नाही.

आईला म्हटलं, आता तुझी पहिल्या घासातून सुट्टी. ती हसली आणि सुईत दोरा ओवत बसली.

आता खरं काम. वादळात गेलेलं चर्चच्या सभागृहाचं छप्पर नवीन झालंय आणि सप्टेंबरात गावजेवण आहे. पोरं बाहेरच्या खडकावर जाणार, मोठमोठ्या तांबोशी आणणार. चर्चचा कारभार बघणाऱ्या डिकन ताउइराने भर सभेत जाहीर केलं की अकाइतीच्या औषधाने सगळे मासे तपासले जातील. मला न विचारता. तेव्हा जमतील तेवढ्या बाटल्या पाठव. जमत नसेल तर तसं सांग, आम्ही डब्यातलं कॉर्नबीफ खाऊ आणि ताउइरा मरेपर्यंत मला ऐकवत राहील.

नूरोआ


ब्रिस्बेन, २५ ऑगस्ट

दादा,

ताउइराला सांग, ते औषध नाही. आणि हेही सांग की त्याच्यापायी माझ्या नाकी नऊ आलेत.

बाटल्या पाठवतेय, भरपूर. या वेळी एकदाच गाळलंय. दुसऱ्यांदा गाळत बसले असते तर निम्म्याच झाल्या असत्या आणि विमानही चुकलं असतं. तपासून पाहिलं, एन्झाइम दिसण्याइतकं उरलेलं नाही. ब्रॉनविन सुट्टीवर आहे, तिला या बारीकसारीक गोष्टींसाठी त्रास दिला नाही.

माझं गावजेवण चुकणार, याचं वाईट वाटतं. अळूची भाजी, नारळाच्या घट्ट दुधातली, माझ्या वाटणीची तू खा. छपराचे फोटो पाठव. आणि आईचा एक पाठव, नव्या टोपीतला.

अकाइती


आयतुताकी, २२ सप्टेंबर

अकाइती,

जेवण झालं. छप्पर चांगलं आहे. मासा शेवटी ठेवला नाही, डुकरं होती, कॉर्नबीफ होतं, लोकांची पोटं भरली.

बाटल्या वापरल्या. दुसरा ठिपका दर वेळी उजळला.

आईचा फोटो काढायचा राहिला. ती बरी आहे. गोधडी बाजूला ठेवलीय, सुई नको म्हणते. पाऊस नाही.

नूरोआ


ब्रिस्बेन, ७ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र वाचून मला हवामान खात्याची आठवण झाली. आईचा वारसा तू चांगला चालवतोयस.

मासा का ठेवला नाही? पोरांना मिळाला नाही की ताउइराने ऐन वेळी माघार घेतली? मी इतकी धावपळ केली ती कॉर्नबीफसाठी नव्हती. तुझ्यावर रागवत नाहीये, थोडी हिरमुसलेय एवढंच.

आईचे डोळे अधू झाले असणार. ती कबूल करणार नाही. जाड भिंगाचा चष्मा पाठवतेय आणि मोठ्या नेढ्याच्या सुया. की ती माझ्यावर रुसलीय? गावजेवणाला लेक आली नाही म्हणून? तसं असेल तर सांग, मी तिला वेगळं पत्र लिहीन.

इथे एकच गोष्ट चांगली घडली. ब्रॉनविनने तुझं ‘दुसरा ठिपका दर वेळी उजळला’ हे वाक्य बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच्या जोरावर आता मांगाया आणि आतिऊ बेटांना खोके जाणार, लोक त्यावर विसंबून मासे खाणार. त्या खोक्यांत माझ्याच उरलेल्या बाटल्या आहेत. माझी नोकरी आणखी वर्षभर टिकेल असं ती म्हणते. आईला सांग.

अकाइती


आयतुताकी, १७ ऑक्टोबर

अकाइती,

मांगायाला आणि आतिऊला काही पाठवू नका. हे पत्र खोक्यातून न पाठवता ब्रिस्बेनला निघालेल्या एका पाहुण्याच्या हाती विमानाने देतोय, म्हणजे लवकर पोचेल. फोनवर मला बोलता येणार नाही, आई शेजारच्याच खोलीत असते.

उरलेल्या बाटल्या त्याच्याजवळच बर्फात दिल्या आहेत. चूक माझी आहे. जेवणाच्या आधी वीज गेली होती आणि बाटल्या दोन दिवस फ्रिजबाहेर होत्या. उन्हाने बिघडल्या असणार. तुझ्या कामाला बोल लागू नये म्हणून गप्प राहिलो, पण दुसऱ्या बेटांचं वाचलं आणि माझी झोप उडाली.

चष्मा आईला आवडला. तो घालून ती अंगणात बसते. सुया तशाच आहेत. जेवायला लाकडी चमचा लागतो तिला, आणि पाणी कोमट. बाकी ठीक.

नूरोआ


ब्रिस्बेन, ४ नोव्हेंबर

दादा,

लाकडी चमचा आणि कोमट पाणी वाचलं आणि मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसले. सुई पोलादाची. पोलाद गार. मी चष्मा पाठवला. आईच्या हातांना सुई भाजतेय आणि मी तिला आणखी सुया पाठवल्या. मला का कळलं नाही? मला, जिने बाबांना बघितलंय?

फोनवर तू रडायला लागलास आणि लाइन गेली, परत लावला तर आईने उचलून हवामान सांगितलं. तिचा आवाज ऐकून बरं वाटलं. पण तू मला नीट सगळं लिहायचं आहेस. तिने खाल्लं कसं, आणि का? पट्टी होती ना तुझ्याकडे?

आता मी सांगते ते ऐक. मांगाया आणि आतिऊचे खोके बांधून तयार होते, ते मी स्वतः उघडले. तुझ्या बाटल्या तपासल्या. उन्हाने बिघडल्या असत्या तर प्रोटीन आळून तळाशी बसली असती. तशी बसलेली नाहीत. धरणारं धडधाकट आहे, उजळणारं धडधाकट आहे. फक्त दोघांमधली जोड सुटलीय, अगदी शिवणीवर, कात्रीने उसवल्यासारखी. म्हणून विष धरलं गेलं तरी उजेड धुऊन गेला, आणि पहिला ठिपका अंधारा राहिला. दुसरा ठिपका नुसतं उजळणारं प्रोटीन आहे का एवढंच बघतो, तो बिचारा दर वेळी उजळला.

एकदा गाळलेला आणि दोनदा गाळलेला माल मी शेजारी शेजारी उबेत ठेवला. दोनदा गाळलेला टिकला, एकदा गाळलेला उसवला. जे एन्झाइम जोडतं तेच सोडवतंही, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आम्ही इथे सगळं बर्फात ठेवतो, बर्फात ते झोपलेलं असतं, म्हणून उरलेल्या चिमूटभराची आम्हाला भीती वाटत नाही. तुमच्याकडे ते जागं झालं. सुई मीच गोधडीत विसरले, दादा. तुझी उन्हातली बाटली निमित्त झाली.

ब्रॉनविनला सगळं सांगितलं. तिने टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं ओरडेल. मग म्हणाली, ‘दुसरा ठिपका तसा ठेवायचं मीच सुचवलं होतं.’

अकाइती


आयतुताकी, २० नोव्हेंबर

अकाइती,

नीट लिही म्हणालीस, लिहितो. हे आईला वाचून दाखवणार नाही.

त्या सकाळी तांबोशी आल्या, हातभर लांब. मी सगळ्या तपासल्या. वीज गेल्यापासून बाटल्या सभागृहात खिडकीजवळच्या टेबलावर, फुलांच्या हारांमध्ये ठेवल्या होत्या. हातात घेतली तर उरलेल्या चहासारखी कोमट लागली. मनात आलं, विचारावं अकाइतीला. पण दुसरा ठिपका उजळला आणि मी तो विचार सोडून दिला. मला दमायला झालं होतं, आणि बाहेर ताउइरा घाई करत होता.

मासे भाजून निघाले, दुपारीच. जेवण संध्याकाळी होतं. ताउइराने माझ्या हातातल्या पट्ट्या बघितल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘पट्टी ठीक म्हणते. पण खाऊन कुणी बघितलंय का?’ कुणी हललं नाही. लोक माझ्याकडे बघत होते. मी पुढे व्हायला हवं होतं, अकाइती. ती कोमट बाटली फक्त मला माहीत होती, म्हणूनच माझा पाय उचलला नाही.

तेवढ्यात आई ताटली घेऊन आली. मी तिचा हात धरला. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘माझ्या मुलीने केलेलं आहे. पहिला घास दुसऱ्या कुणी का घ्यावा?’ आणि खाल्लं. नेहमी चिमूटभर घेते, त्या दिवशी मोठा तुकडा खाल्ला, सावकाश, नवी टोपी घालून, लग्नातल्यासारखी. मी हात सोडून दिला आणि शेजारी उभा राहिलो.

दिवस कलायच्या आत तिच्या ओठांना मुंग्या आल्या. तिने आरडाओरडा केला नाही. माझी बाही ओढली आणि म्हणाली, ‘नूरोआ, मासे पुरून टाक. ताउइराला सांग, मला उलटी झाली, म्हातारीचं पोट आहे. आणि अकाइतीला लिहू नकोस. ती काम सोडेल.’

मासे मी पुरले. दुसऱ्या कुणाच्या तोंडात कणही गेला नाही. हॉस्पिटलच्या नर्सने सहा महिने मासा बंद केलाय. रात्री तळपायांना खाज सुटते तेव्हा आई उठून बसते, मी पाय चोळून देतो. ती तुझ्यावर रुसलेली नाही. रोज विचारते, अकाइती कामावर जाते ना?

तू चूक तुझी म्हणतेस, मी माझी म्हणतो. वाटून घेऊ. पण हात मी सोडला, हे माझ्या वाटणीत राहू दे.

नूरोआ


ब्रिस्बेन, २६ फेब्रुवारी

दादा,

तीन महिने पत्र लिहिलं नाही, फोनवर हवामानच ऐकत आणि सांगत राहिले. लिहायला बसले की तुझं पत्र काढून पुन्हा वाचत होते. आईला सांग, मी कामावर जाते. जूनपर्यंत तरी. पुढचे पैसे आम्ही घडलेलं सगळं खरं लिहून मागितलेत, तेव्हा मिळतील की नाही कोण जाणे. ब्रॉनविन म्हणते, न मिळाले तर निदान झोप तरी लागेल.

या खोक्यातला सगळा माल दोनदा गाळलाय. बाटल्या थोड्या आहेत. पट्टीवर आता तिसरा ठिपका आहे. तिथे आम्ही विषासारखा दिसणारा, पण निरुपद्रवी असा एक तुकडा आमिषासारखा चिकटवलाय. धरणारं प्रोटीन तो धरतं, आणि जोड शाबूत असेल तरच ठिपका उजळतो. दुसऱ्यावर विसंबू नकोस. तिसरा अंधारा राहिला तर बाटली फेकून दे, मग ताउइरा काहीही म्हणो.

पाठवण्याआधी यातल्या काही बाटल्या मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, इथल्या भर उन्हाळ्यात ठेवल्या. मग बाजारातून उत्तरेकडच्या खडकावरचा मोठा मासा आणला, तसा मासा इथले लोकही बिचकतच घेतात. त्याच कोमट बाटलीतून तपासला. पहिला अंधारा, तिसरा उजळला. भाजला आणि एकटीने बसून खाल्ला. कुणाला सांगितलं नव्हतं, कळलं तर ब्रॉनविन मला कामावरून काढेल. मग खुर्चीत बसून राहिले, संध्याकाळपर्यंत, ओठांवर सारखं बोट फिरवत. आईने किती वेळा हे केलं असेल, आणि आपण अंगणात खेळत होतो.

काही झालं नाही. आईला सांग, या वेळी पहिला घास मी घेतला.

अकाइती


आयतुताकी, २९ मार्च

अकाइती, किआ ओराना,

तुझं पत्र आईला पूर्ण वाचून दाखवलं. मासा खाल्लास तिथे तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘मूर्ख पोर.’ आणि बराच वेळ डोळे पुसत बसली.

ताउइराला मी सगळं खरं सांगितलं, पोटाची गोष्टही खोटी होती हे सुद्धा. तो गप्प झाला, हे गावाने पहिल्यांदाच बघितलं. आज त्याने स्वतः धरलेली तांबोशी आणून दिली. बाटली मी मुद्दाम दोन दिवस ओट्यावर ठेवली होती. पहिला अंधारा, तिसरा लख्ख.

आईने सवयीने ताट ओढलं. मी ते माझ्याकडे घेतलं आणि तिच्या खुर्चीत बसलो. ती म्हणाली, ‘माझं काम दोघांनी वाटून घेतलंत. मी आता काय करू?’ मी म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघ. खाल्लं. ती समोर बसून राहिली, मी बसून राहिलो, ताउइरा फाटकापाशी टोपी हातात घेऊन. पत्र इथपर्यंत लिहून उघडंच ठेवतोय.

संध्याकाळ झाली. मी ठीक आहे. ताउइरा आपला मासा घेऊन घरी गेला, आता त्याच्या घरचे जेवतील.

आई उठली. सप्टेंबरपासून पहिल्यांदा तिने फ्रिजचं दार उघडलं, आतला शहाळ्याच्या पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरला, तसाच धरून ठेवला. ती म्हणाली, ‘गार आहे.’ आणि उभ्यानेच सगळं प्यायली.

नूरोआ